फ्रिजवरची चिठ्ठी

कुओपिओत मे संपत आलाय. रात्रीचे दोन,
तरी पुरतं अंधारलेलं नाही.
बर्चचा पराग काचेवर, कठड्यावर,
पिहलाच्या पापण्यांत.

चोळू नकोस म्हटलं की ती जास्तच चोळते.

आउलिस बाटली काढतो.
हाताशी चहाचा चमचा. तो परत ठेवतो,
खणात सिरिंज धुंडाळतो,
अडीचची रेघ दिव्याखाली धरतो,
आणि दिसतं राइसाचं अक्षर,
रात्रपाळीला निघतानाचं, तिरकं:
आठला दिलंय. आता उद्याच.

झाकण पुन्हा घट्ट. बाटली वरच्या फळीवर.
मग गार पाण्याचा रुमाल,
पिळून, पुन्हा पिळून.

"औषध?"
"आईनं दिलंय."
"मग तू काय देणार?"

तो गप्प.
उशीचा अभ्रा बदलतो.