अंक पहिला, प्रत एकच

आधी नाव.
एकवीस नावं वहीत लिहिली, वीस खोडली.
उरलं ते 'फिझ'.
सोड्याच्या बाटलीचं बूच उडतं तसं म्हणायचं.

मिसेस ऑकलंडनी विचारलं, वाचक कोण?
मुली, म्हटलं.
कुठल्या?
खिडकीबाहेर फ्लीटवूडचा समुद्र ओहोटीला लागून लांब गेलेला,
चिखलात सुपरमार्केटची एक ढकलगाडी रुतलेली.
इथल्याच, म्हटलं.

मुखपृष्ठावर टॅम्सिन.
तिला गाता येत नाही, पण मान वळवून बघता येतं.
कँटीनच्या मागच्या भिंतीला तिच्या आईची चादर चिकटवली,
एकशे बारा फोटो काढले.
वाऱ्याने चादर फुगली की ती खरंच हसायची
आणि नेमके तेच फोटो हललेले.

मग केस.
मागची चादर कापून टाकायची
तर टॅम्सिनचे केस म्हणजे विस्कटलेला गवताचा भारा.
एकेक बट माऊसच्या टोकाने सोडवत बसले
दोन दुपारी, लायब्ररी बंद होईपर्यंत.
मैत्रिणीच्या कानामागे इतका वेळ कोण बघतं?
तिथे एक तीळ आहे.
तिलाही माहीत नव्हता.

गायिकेचं नाव ठेवलं आयव्ही रूक.
मुलाखत मीच घेतली, मीच दिली.
पहिलं गाणं कुठे लिहिलंस?
मासळीच्या कारखान्यात, रबरी हातमोज्यावर, बॉलपेनने.
भीती कशाची वाटते?
इथे तीन दिवस अडले.
शेवटी लिहिलं: सगळ्या मँचेस्टरला जातील
आणि मी बसस्टॉपवर हात हलवत राहीन.
आयव्हीचं उत्तर आहे, मी सांगितलं.
मिसेस ऑकलंड 'हं' म्हणाल्या
आणि एक स्वल्पविराम दुरुस्त केला.

चौकटीत, पिवळ्यावर काळं:
नवा अल्बम मार्चमध्ये!

बारकोड राहूनच गेला होता.
रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात
जो पुडा हाताला लागला त्याचा स्कॅन केला,
वर किंमत टाकली, अडीच पौंड.

चकचकीत कागदावर रंगीत छपाई.
पैसे एकाच प्रतीचे होते.

शनिवारी नेव्हिलच्या दुकानात गेले ते फक्त फोटोसाठी:
रॅकवर, खऱ्या मासिकांच्या रांगेत, माझं.
चौकटीत सगळं बसावं म्हणून चार पावलं मागे सरले
वाढदिवसाच्या कार्डांपर्यंत,
तेवढ्यात एका मुलीने ते उचललं.
बारा वर्षांची असेल. एक मोजा घसरलेला.
तिने उभ्यानेच मुलाखत वाचली,
ओठ हलवत, शेवटपर्यंत,
मग परत मागे जाऊन एक ओळ पुन्हा.
कुठली, ते दिसलं नाही.

मी ओरडायला हवं होतं. घसा कोरडा.
ती काउंटरवर.
नेव्हिलने यंत्र फिरवलं. टिंग.
पडद्याकडे बघितलं, मुखपृष्ठाकडे बघितलं,
चष्मा कपाळावर चढवला
आणि कार्डांमागे उभ्या माझ्याकडे बघितलं.
कस्टर्ड क्रीम, तो स्वतःशीच पुटपुटला.
मग तिला म्हणाला,
एकोणनव्वद पेन्स, बाळ.
तिने पौंड दिला. अकरा पेन्स परत घेतले.
दारावरची घंटी वाजली आणि माझा पहिला अंक
डॉक स्ट्रीटने निघून गेला.

सोमवारी टॅम्सिनच्या आईच्या प्रिंटरवर दुसरी प्रत काढली.
शाई संपत आलेली, गुलाबीचा विटका जांभळा झालेला.
शेरा आला: मांडणी धीट. बारकोड फार मोठा.

आता फेब्रुवारी संपत आलाय.
काल नेव्हिल म्हणाला,
ती पोरगी रोज विचारते,
आयव्हीचा अल्बम आला का.
मी काय सांगू?

मी घरी जाऊन रबरी हातमोजे शोधले.
सिंकखाली होते, उजवा फाटका.
डाव्यावर बॉलपेन टेकवलं.
उमटतं, पण जोर द्यावा लागतो.