ऊन आणि उजेड

सकाळी साडेसात ते सव्वाआठ.
त्यानंतर सोलापूरचं ऊन कुणाचं ऐकत नाही,
लालाचा केशरी करतं, पांढऱ्याचा चुना,
आणि माझीच सावली चादरीवर आडवी पाडतं.
म्हणून विडी घरकुलातल्या आमच्या गच्चीवर
पाण्याच्या टाकीच्या मावळतीला,
जिथं ऊन पोचत नाही, नुसता उजेड पोचतो,
तिथं मी दोरी बांधली आहे.

पहिल्या दोन महिन्यांचे सगळे फोटो धुरकट.
फोन गेला, म्हणून मी रडकुंडीला.
दुकानदार पोरानं शर्टाच्या टोकानं काच पुसली
आणि पैसेसुद्धा घेतले नाहीत.
तंबाखूचं बोट होतं ते.
अम्माचं. लेकाचा फोन आला की ती उचलते,
तेव्हा हजार विड्यांचा दिवस
तिच्या बोटांना चिकटलेला असतो.

आता आधी काच पुसते.
मग पूर्ण चादर, मग अर्धी घडी,
मग काठ, अगदी जवळून,
सुताचा दाणा मोजता येईल इतक्या जवळून.
लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीनं
सावलीच्या बाजूला थोडा उजेड ढकलते.
पाचवा फोटो गाठीचा,
जिथं माग चालता चालता धागा तुटला
आणि रामुलू काकांनी तो परत जोडला.
काका चिडतात. "गाठ कशाला दाखवतीस गं?
ती लपवायला चाळीस वर्षं शिकलोय मी."
मी दाखवते. गाठीशेजारी एक रुपया ठेवून,
म्हणजे केवढी आहे ते कळावं.
रुपयापुढं ती दिसतही नाही, काका,
तुमचीच तारीफ आहे ही.
ते ऐकून घेतात, पटवून घेत नाहीत.

लाल मात्र सापडत नाही.
डोळ्याला दिसतो तो, आणि फोनला दिसतो तो,
दोघांचं भांडण जुनं आहे.
काका म्हणतात, एरुपु म्हणजे एरुपु, त्यात काय बघायचं?
पण त्यांनी तो रंगाच्या पिंपात हात घालून पाहिलाय,
मी बोटभर काचेत पाहते.

परवा जळगावहून निरोप आला.
"फोटोत डाळिंब होती, हातात वीट आली."
सोबत पुरावा जोडलेला.
उघडला.
ट्यूबलाइटचा हिरवट उजेड, कॅलेंडरचं अर्धं पान,
चौकट तिरकी, पलंगाचा एक पाय गायब.
आणि चादरीबाहेर आलेली एक टाच,
भेगाळलेली, बाईची की बाप्याची कळेना,
गाढ झोपेत जराशी आत वळलेली.

बोटांनी मोठी करून पाहिली.
लाल चुकलाच होता. वीटच होती ती.
आजवर चारशे बारा चादरी गेल्या या गच्चीवरून,
इस्त्रीच्या, घडीच्या,
कुणाच्या अंगाला न लागलेल्या.
अंगावरची ही पहिलीच पाहिली मी.

पैसे परत पाठवले.
चादर राहू द्या म्हटलं.
तिकडून नुसता अंगठा आला.
तो फोटो दुकानात लावता येणार नाही,
कुणाची टाच अशी न विचारता मांडायची नसते,
आणि विचारायला माझी जीभ रेटेना.
काढूनही टाकलेला नाही.

आज वर्णनात एक ओळ वाढवली:
'ट्यूबलाइटखाली हा लाल विटकरी दिसेल.'
काकांना वाचून दाखवली, तर म्हणाले,
मग रात्री विकत घेणारा घेईल का?

खालून अम्मा हाक मारते,
"वेलुगु वच्चिंदा?"
उजेड आला का, विचारतीय.
आला, अम्मा.
थांब, फोनला हात लावू नको,
आत्ताच पुसलाय.