आखूड पेरं

थोरल्या दवाखान्यात तळमजल्यावर माझी खोली.
मी माणसं फारशी बघत नाही.
नाव, वय, कुठला पाय,
हलू नको, झालं.

ईश्वरी. वय सहा.
चिपाडांच्या ढिगावरून घसरली.
आई मालन, गुऱ्हाळावर चुलवाणात जळण सारणारी.
हातावरचे केस करपलेले,
पोरीच्या फ्रॉकला काकवीचा डाग,
त्यावर दोन एस्ट्या बदलून आलेली माशी.

"मोडलंय का वो काय?"
नाही. मोडलं काहीच नाही.
नडगी सरळ, सांधा जागच्या जागी.
फक्त घोट्याच्या वर
आडव्या पांढऱ्या रेघा:
एक, दोन,
आणि बरीच वर, पुसट, तिसरी.

आमच्या आबांना ऊस वाचता यायचा.
फडात शिरून एक ऊस धरायचे,
बुडापासून अंगठा सरकवत न्यायचे:
हे लांब, आषाढातलं.
हे आखूड, मोटार जळलेली, बावीस दिवस पाणी नव्हतं.
हे परत लांब.
ऊस खोटं बोलत नाही, म्हणायचे,
खोटं बोलतो तो काटा.

मी पडद्यावर अंगठा ठेवला.
ही वरची कधीची?
मालनला अक्षर येत नाही,
तारखा मात्र तिच्याकडंच होत्या.
"तवा धाकटा पोटात ऱ्हायला. हिचं दूध तोडलं."
ही?
"गोवर. मागनं जुलाब. म्हैनाभर निसती पेज."
आणि ही खालची?
तिनं पदर दातात धरला.
"गुऱ्हाळ बंद हुतं की गेल्या साली.
च्यात बुडवून चपाती. तीबी एकच येळ."

रेघ उपाशी दिवसांची नसते.
उपाशी असताना हाड नुसतं थांबतं,
काही लिहीत नाही.
चार घास मिळाले की जिथं थांबलं तिथं
चुन्याचा दाट थर देऊन पुढं निघतं.
म्हणजे ही रेघ पुन्हा निघाल्याची.
हे तिला सांगावं का, मला ठरवता येईना.

पडताना हात टेकला होता, म्हणून मनगटाचाही काढला.
मनगटात या वयाला सहा तरी गोट्या दिसाव्यात.
चार होत्या.
परत मोजल्या.

इथून चालत दहा मिनिटांवर गंगावेस.
संध्याकाळी कट्ट्यावर म्हशी येतात,
डोळ्यांदेखत धार, वर फेस,
तालमीतली पोरं ग्लास एका दमात रिकामा करतात.
आणि मालनच्या जाळावर शिजलेला गूळ
गुजरातेत कुणाकुणाच्या चहात जातो.

डॉक्टरांनी लिहिलं: फ्रॅक्चर नाही.
"लई भ्यालो हुतो बाई," मालन हसली,
आणि माझ्या हाताला तिचा हात लागला, गरम.

आहाराच्या बाईंकडं बुधवारी या, म्हटलं.
"बुधवारी? काहील चढलेली असती."
मग शुक्रवारी.
"बघतो."

आखूड पेर मागं जाऊन लांब होत नाही, आबा म्हणायचे,
आणि बोलता बोलता दांड फोडून
पाणी पुढच्या सरीला वळवायचे.
माझ्याकडं दांड नाही. कागद होता.
त्यावर शुक्रवार लिहिला, मोठ्या अक्षरात,
तिला वाचता येत नाही हे विसरून.

ईश्वरीनं फोटोचं पाकीट स्वतःच धरलं.
खाली टेकवलं तर कमरेपर्यंत आलं.
"ह्यात मी हाय?" तिनं विचारलं.
हो, म्हटलं, आहेस.
तिनं ते हलवून बघितलं, काही वाजतंय का.

पुढचा. नाव? वय?
कुठला खांदा?