थंड टायर

वाडी नाक्याच्या पुढे, अमरावती रोडला
माझं हवेचं दुकान: कॉम्प्रेसर, एक बाज, पाण्याचा टब
आणि नीलकंठ, जो कॉम्प्रेसरपेक्षा जास्त आवाज करतो.
सिमेंटचे ट्रक येतात, कोळशाचे, संत्र्यांचे.
चाकाच्या बुडाशी रबर किती पसरलंय
त्यावरून मला कळतं, माल खरा किती
आणि बिल्टीवर किती.

परवा मात्र एक घर आलं.
म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलरच, पण खिडक्यांना पडदे,
टपावर सोलर, दाराला तोरण,
आणि पायरीवर पायपुसणं.
ढकाते साहेब उतरले, बँकेतून रिटायर, काखेत वही.
"ऐंशी भरा. टायरवरच लिहून हाय."

मी म्हटलं, साहेब, टायर किती सोसतो ते लिहिलंय,
तुमचं ओझं नाही लिहिलं.
ऐंशीवर गाडी उड्या मारेल, कपबश्या फुटतील.
कमी भरली, तर या मे महिन्याच्या डांबरावर
टायर आतल्या आत शिजेल,
तुम्हाला वासही येणार नाही.
वजन किती आहे घराचं?

वहीत सगळं होतं. टाकी, बॅटऱ्या, सिलिंडर,
गाद्या, अगदी झाऱ्यापर्यंत.
बेरीज चार हजार तीनशे दहा, खाली दोन रेघा.

तरी काट्यावर जा म्हटलं.
आधी नुसती पुढची चाकं, मग सगळी गाडी,
मग एकेक बाजू.
पाणी भरून. आणि दोघंही आत बसून.
छबूताई खिडकीतून म्हणाल्या,
"मी काहून बसू? मी का सामान हाय?"
नाही हो ताई. पण चाकाला कुठे कळतं?

तासाभराने आले, पावत्यांचा पंखा हातात.
चार हजार सहाशे चाळीस.
मागची डावी बाजू सगळ्यात जड.
साहेबांनी बेरीज पुन्हा केली. बँकेत तीस वर्षं
एक रुपया चुकला नव्हता म्हणे.
छबूताई उड्डाणपुलाकडे बघत राहिल्या.

डाव्या बाकाखालून निघालं:
पाटा, वरवंटा, दोन पोती गहू, तूरडाळ,
लोणच्याच्या बरण्या, लुगड्यात गुंडाळलेल्या.
"जबलपूरले दाळ भेटत नाही का?"
"भेटते. आपली नाही भेटत."

मग नीलकंठने, कुणी न सांगता,
उजव्या बाकाखालून एक पत्र्याची पेटी ओढली.
हलेना. उघडली तर नाणी.
भोकाचे पैसे, पितळी आणे, कुठल्या कुठल्या राजांचे तांबे.
हे वहीत नव्हतं.
आता उड्डाणपुलाकडे साहेब बघत होते.

काहीच काढू नका, मी म्हटलं.
लपवून न्या, दाखवून न्या, तुमचं तुम्ही बघा.
माझ्या हवेला फक्त खरा आकडा हवा असतो,
मग ती कुरकुर करत नाही.

तरी लगेच भरली नाही.
टायर काट्यावरून तापून आलेले,
तापलेला टायर फुशारकी मारतो.
पहाटे पाचला या.

आले. रात्रभर दुकानासमोरच उभे होते,
आलेच म्हणायचं.
भिंतीवरचा कंपनीचा तक्ता, तेलाने पिवळा झालेला,
त्यावर बोट ठेवून वाचला: पुढे बावन्न, मागे अठ्ठावन्न.
डावीकडे जड, तरी दोन्हीकडे सारखीच हवा,
जड बाजूच्या हिशोबाने.
आतल्या चाकाचा वॉल्व्ह सापडेना,
नीलकंठ पोटावर झोपून, शिव्या देत, पोचला तिथे.
छबूताईंनी त्याला चहा दिला, खिडकीतून,
कपबशीत.

दुपारी फोन. खवासाच्या अलीकडे, झाडाखाली थांबलेले.
"बाई, मागे सहासष्ट दाखवून राहिला! सोडू का थोडी?"
मागे वरवंट्याचा आवाज येत होता.

सोडू नका म्हटलं.
ऊन आहे, चढणारच.
संध्याकाळी आपोआप उतरेल.
चटणी कशाची?