अबोल्याचा दाखला

गुरुवारी दुपारी दोन ते चार
झेरॉक्सच्या खोलीला लागून माझं टेबल असतं.
पाटीवर आधी वेल्शमध्ये, मग इंग्रजीत
'अनुदान आणि कर्ज',
खाली कुणीतरी पेनाने एक मासा काढलाय.

टेगवेन रॉसर आली ती
बेकरीच्या पहाटपाळीवरून थेट.
भुवयांवर पीठ, वय अठरा पूर्ण.
म्हणाली, "नवव्या पानावर अडलंय."

सगळेच अडतात तिथे.
नवव्या पानावर आईवडील असतात,
त्यांचा पगार, त्यांची सही.
पगार तोकडा असेल तर अनुदान वाढतं,
घसघशीत असेल तर कर्ज वाढतं,
आणि कुणी वारलं असेल
तर त्यालाही एक चौकट आहे, लहानशी.

टेगवेनची आई चांगली हयात आहे.
दोन बसथांबे पलीकडे,
नव्या नवऱ्याच्या घरात,
जिथून सोळाव्या वर्षी हिला
दोन काळ्या पिशव्यांसकट बाहेर ठेवलं,
मंगळवारी, कचऱ्याची गाडी येते त्या दिवशी.

मी माझं नेहमीचं सांगितलं.
नातं तुटलंय हे दाखवावं लागेल.
साधारण वर्षभर बोलणंचालणं नको.
वर एक पत्र, डॉक्टरचं, शिक्षकाचं, पाद्र्याचं,
म्हणजे ज्याला हे माहीत आहे
आणि ज्याच्याकडे लेटरहेड आहे.

"ज्यांना माहीत आहे," ती म्हणाली,
"त्यांच्याकडे लेटरहेड नाही."

बावीस वर्षं मी इथे
माणसं असल्याचे दाखले गोळा करतोय.
योनास तीन वर्षं सलग याच देशात राहिला,
त्याची वीजबिलं, दाताच्या दवाखान्याची चिठ्ठी,
वाचनालयाचा चाळीस पेन्सचा दंड
(तो दंडच शेवटी उपयोगी पडला).
मिसेस बेडोने याआधी कुठलीच पदवी घेतलेली नाही,
हे तिला एक्कावन्नाव्या वर्षी लिहून द्यावं लागलं,
तेव्हा ती इतकी हसली
की शेजारचं झेरॉक्स थांबलं.

पण नसल्याचा दाखला
मला अजून नीट जमत नाही.
न आलेल्या फोनची पावती कोण देतं?
आमच्या घरी, लहानपणी,
आई आणि मावशी अकरा वर्षं बोलल्या नाहीत,
कुणी एक कागद मागितला नाही.

मग टेगवेनने मोबाइल माझ्यापुढे सरकवला.
तिच्या वाढदिवसाची रात्र,
अकरा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं.
एक मिस्ड कॉल. 'मॅम'.

"हा धरतात का?"

मी नियमपुस्तिका उघडली.
शोधल्यासारखं केलं.

"मी जागी होते," ती म्हणाली,
"हातातच होता. वाजत होता.
दहा महिने झाले होते.
उचलला असता तर
पुन्हा एकपासून मोजावं लागलं असतं ना?"

मी विचारलं नाही
की तेवढ्यासाठीच उचलला नाहीस का.
त्याला चौकट नाही.

कॉलेजच्या कागदावर मी पत्र लिहिलं:
कुमारी रॉसर यांना मी ओळखतो.
आईशी त्यांचा संपर्क नाही.
दोन्ही वाक्यं खरी होती.
प्रिंटर गरम व्हायला वेळ घेतो,
तेवढ्यात तिने कागदी पिशवीतून
दोन बन काढून टेबलावर ठेवले,
कालचे, पण चांगले.

"पैसे मंजूर झाले की मग बोलू शकते?"

दर वर्षी पुन्हा विचारतात, मी म्हणालो,
काही बदललंय का म्हणून.

"तीन वर्षांचा कोर्स आहे,"
एवढंच म्हणाली, आणि पत्र
पाऊस लागू नये म्हणून
कोटाच्या आत, पोटाशी धरून निघाली.

पावणेचार झाले होते.
बाहेर अजून दोघं बसले होते.
खुर्चीवर पीठ सांडलं होतं थोडं,
ते झटकायला हात नेला,
आणि तसाच ठेवला.