लांब की आखूड

आमच्या लुईस बेटावर झाडं फारशी नव्हतीच.
लाकूड बोटीतून यायचं
आणि माणूस ज्यातून जायचा ती पेटीही
त्याच लाकडाची.
ती टॉर्मड करायचा. माझा बाप.

फळ्या भिंतीला टेकून उभ्या असत.
ही कुणाच्या दाराला, ती कुणाच्या होडीला,
आणि उरलेली कुणाला,
ते त्या फळीला आधी कळायचं.
रात्री वाजायची.
टक्. मग दम खाऊन, टक्.
उंदीर नव्हे. वाराही नव्हे;
वारा आमच्याकडे निरोप घेऊन येत नसे,
तो घरातलाच होता.
बाप कंदील न लावता उठायचा,
फळीवर हात ठेवायचा,
बिथरलेल्या घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा,
आणि सकाळी रंध्याला धार लावून बसायचा.
तिसऱ्या दिवशी कुणीतरी दारात उभं,
टोपी हातात.

रविवारी बेट बंद.
झोपाळ्याच्या साखळीला कुलूप,
कोंबडासुद्धा टोपलीखाली.
पाद्री मॅकॉस्किल बोलू लागले
की खिडक्यांच्या काचाही ताठ बसत.
'कान दिलेत ते वचन ऐकायला.
अंधारात जे वाजतं ते देवाचं नसतं.'
सगळं गाव बापाकडे
न बघता बघायचं.
मग तोच उठायचा, स्तोत्राची ओळ सांगायला,
एकटा, कोरडा आवाज,
आणि मागून गाव यायचं
भरतीसारखं, वाकडंतिकडं,
ज्याच्या त्याच्या वेळेला.

परतताना मी एकदा विचारलं,
'तिसऱ्या दिवशी थडग्यातून उठला तो खरा
आणि तिसऱ्या दिवशी दारात येतो तो खोटा,
असं कसं?'
बापानं माझं तोंड दाबलं.
हाताला राळेचा वास.
दलदलीचा रस्ता सरेपर्यंत गप्प होता, मग म्हणाला,
'ते सगळ्यांनी मिळून ऐकलंय, पोरी.
हे मी एकट्यानं.
एकट्याच्या ऐकण्यावर छप्पर नसतं.'

त्या मार्चमध्ये घटसर्प आला.
पाद्रीबाबांची इशबेल, सहा वर्षांची,
शाळेत माझ्या शेजारी बसायची,
माझं नाव पाटीवर चुकीचं लिहायची
आणि चुकीचंच बरोबर आहे म्हणून भांडायची.

शनिवारी रात्री,
शब्बाथ लागायला थोडा अवकाश होता,
पाद्री आले.
गळपट्टी नव्हती. कोटाची गुंडी भलत्याच काजात.
उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.
बापाच्या खांद्यावरून भिंतीकडे बघितलं
आणि विचारलं एवढंच:
'लांब
की आखूड?'

मी माळ्यावर जागी होते.
वाजली होती. गुरुवारी रात्री.
मीही ऐकली होती.
छप्पर नसणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं.

बाप म्हणाला,
'वारा आहे हो. दुसरं काही नाही.'
पाद्री उभेच राहिले,
खोटं बोलणाऱ्या माणसाचा हात
दोन्ही हातांत धरून.
'देवाची कृपा,' म्हणाले.
फळ्यांकडे बघत म्हणाले.

सकाळी प्रवचन झालं. कशावर, आठवत नाही.
फळ्यांचं नाव निघालं नाही,
त्यानंतर कधीच नाही.
इशबेल दिवेलागणीला गेली.
बापानं रात्री बारा वाजायची वाट पाहिली,
सोमवार लागला तेव्हा करवतीला चरबी चोळली,
आवाज होऊ नये म्हणून,
आणि कोपऱ्यातली ती छोटी फळी
आडवी घेतली.

आता पेट्या मुख्य भूमीवरून तयार येतात.
फेरीबोट रविवारीही सुटते.
मागच्या वर्षी त्याच बोटीत मी खाली उतरले,
मोटारींच्या मधल्या फटीत एक होती,
प्लास्टिकात गुंडाळलेली.
हात ठेवला. कान लावला.
इंजिनाच्या घरघरीत काही कळेना.

मग वितीनं मोजली.
माझ्याहून चार बोटं जास्त भरली.
बरं वाटलं.