तीस दाब, दोन श्वास

आयटीआयच्या वर्कशॉपात पंखा होता, वारा नव्हता.
बाहेर चव्वेचाळीस.
हिरेमठ सरांनी सुटकेस उघडली तर आत
कमरेखाली नसलेला एक माणूस,
रबराचा, ओठ किंचित उघडे,
काहीतरी सांगत असताना कुणी झाकण लावून टाकल्यासारखा.
मागून कुणीतरी म्हणालं, "ह्याला बी उकडायलंय की."
हसलो सगळे. सरसुद्धा.

सर रेल्वेच्या दवाखान्यात ड्रेसर होते, आता निवृत्त.
पट्टी बांधताना त्यांची बोटं पुढं, बोलणं मागं:
उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर,
गाठ जखमेवर नको, गाठ कडेला.
नाझनीनचा हात मी झोळीत बांधला.
सुट्टीत तिनं तो सोडलाच नाही, तसाच गळ्यात घेऊन बसली,
आणि कडक भाकरी काय एका हातानं मोडत नाही.
मी मोडून दिली. शेंगाचटणी मात्र तिनं
अख्खी संपवली, जखमी असल्याच्या हक्कानं.

दुपारी नकारांचा पाढा.
फिट आली तर चप्पल हुंगवायची नाही. कांदा नाही.
भाजलेल्यावर टूथपेस्ट नाही, नळाचं पाणी, वीस मिनिटं.
शॉक लागलेल्याला शिवायच्या आधी मेन स्विच.
हे आम्हाला पाठ, वायरमन ट्रेड आमचा.
बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

माझं पेन तिथंच राहिलं.

पाणी.
कारखान्यातल्या माठातलं, प्लास्टिकच्या मगातलं,
माझ्या बापानं ओतलेलं,
पेद्दनायनाच्या ओठांवरून मानेवर,
मानेवरून अर्ध्या विणलेल्या टॉवेलवर.
सगळे म्हणत होते पाज, पाज.
कुणीतरी माग बंद केला होता,
तेवढं एकच बरोबर झालं असेल त्या दिवशी.

मी विचारलं, "सर, किती मिनिटं असतात हातात?"
सरांनी चष्मा पुसला. "कमी," म्हणाले.
कुणाचं विचारतीस, हे विचारलं नाही.

मग माझा नंबर. गुडघ्यावर. फरशी तापलेली.
हाताची टाच छातीच्या मध्यावर, कोपरं ताठ,
दोन इंच खाली, आणि प्रत्येक वेळी पूर्ण वर येऊ द्यायचं.
मिनिटाला शंभर ते एकशेवीस.
एक, दोन, तीन...
"हळू होतंय, येमूल. हा मरंल असा."
परत. एक, दोन...
"आता पळायलीस."

डोळे मिटले.
आमच्या घराला चार भिंती, पैकी तिनांच्या पलीकडं माग.
ताप आला, परीक्षा आली, पेद्दनायना गेला, तरी
खटक् खटक् खटक् खटक्
ओकटी रेंडू मूडू नालुगू
घरच्या भाषेत मोजलं
आणि रबराच्या छातीतली कळ टिकटिकू लागली.
सर घड्याळाकडं बघत होते.
"एकशे बारा. कुठं शिकलीस गं?"
काय सांगणार. "घरी," म्हणाले.

रात्री बाप पाळी संपवून आला, भुवयांवर कापूस.
जेवला. हात धुतला. मग म्हणाला, दाखव.
काठ चुकलेल्या चादरींचा गठ्ठा मी मधे ओढला.
इथं टाच. दुसरा हात वर. कोपर वाकवू नको.
अम्मानं विड्यांचं सूप बाजूला सारलं,
बोटाला दोरा तसाच.

त्याला मोजायला शिकवावं लागलं नाही.
तीस झाले, मी म्हणाले, आता दोन श्वास.
त्यानं ऐकलं नाही.
"नायना, मुप्पै."
तो दाबत होता. बल्बखाली तंतू उडत होते,
पलीकडं रात्रपाळीचे माग, अलीकडं हा.

मग लाईट गेली.
गल्लीतले सगळे माग एकदम थांबले.
अंधारात एक चालू होता.